तारप्यात श्वास कोणाचा आणि अल्बमवर नाव कोणाचे?

'सोलो अल्बम' हा शब्द आता आपल्या वस्तीतल्या पोरांच्याही तोंडी सहज येतो. सोलो म्हणजे एकट्याचा. मुखपृष्ठावर एकच फोटो आणि एकच नाव. त्यातही गेल्या काही वर्षांत एक प्रकार फार मानाचा झाला आहे. कुठली तरी लोकधून घ्यायची, तिच्याखाली कॉम्प्युटरवर बनवलेला ठेका घालायचा, वरून सिंथेसायझरचा सूर सोडायचा आणि लोकसंगीत व इलेक्ट्रॉनिक संगीताचा मिलाफ म्हणून ते जगापुढे ठेवायचे. मग इंग्रजी वर्तमानपत्रांतले समीक्षक लिहितात की या संगीताला मातीचा गंध आहे. असेल! आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या मातीचा गंध विकला जातो त्या मातीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात विचारला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत आणि डहाणूत जवळपास सत्तर टक्के. वारली, मल्हार कोळी, कोकणा, दुबळा, काथोडी अशा जमातींचा हा मुलूख. दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत पूर्णपणे येतात. मुंबईच्या चर्चगेटवरून निघालेली गाडी अडीच-तीन तासांत डहाणूला पोहोचते. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओला सर्वांत जवळचे 'आदिम संगीत' हेच! मायक्रोफोन घेऊन येणाऱ्याला इथे ना विमान लागते, ना मुक्काम. सकाळी यायचे, तारपा रेकॉर्ड करायचा, संध्याकाळी परत. वाजवणाऱ्याच्या हातात शे-पाचशे रुपये ठेवले की व्यवहार संपला असे समजायचे.

हा व्यवहार संपलेला नसतो. तो तिथून सुरू होतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

दुधी, बांबू, ताडपान आणि मेण

तारपा ज्यांनी फक्त वारली चित्रात पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वाळवून पोकळ केलेला दुधी, त्यात बसवलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि हे सगळे जोडायला मधमाश्यांचे मेण. बाजारातून आणावी लागेल अशी एकही वस्तू त्यात नाही. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो आणि गालात साठवलेली हवा आत सोडत राहतो, म्हणून सूर मध्येच तुटत नाही. शेतात भात तयार होऊ लागला की तारपा निघतो आणि दिवाळीच्या आगेमागे पाड्यापाड्यावर त्याचा आवाज घुमतो. नाचणारे स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून गोल धरतात. तारपावादक मध्ये असतो. तो धून बदलतो तसा पाय बदलतो. नाचणारे तारप्याकडे पाठ करीत नाहीत.

हे नीट पाहिले तर एक गंमत लक्षात येईल. इलेक्ट्रॉनिक संगीत ज्या दोन गोष्टींवर उभे आहे, त्या दोन्ही तारप्यात आधीच आहेत. एक, न तुटणारा आधारसूर. दोन, त्याच त्या धुनेचे फेऱ्यामागून फेरे, ज्याला आजची पोरे 'लूप' म्हणतात. रात्रभर एका चक्रात नाचणाऱ्या माणसाला लूप शिकवायला जर्मनीहून कोणी यायची गरज नाही. त्यामुळे तारपा आणि कॉम्प्युटर एकत्र आले तर आकाश कोसळेल, परंपरा बाटेल, असली ओरड आम्ही करणार नाही. परंपरा शुद्ध ठेवा असा उपदेश बहुतेक वेळा तेच करतात, ज्यांना ती परंपरा जगावी लागत नाही. ज्याच्या पोराला डीजेवर नाचायचे आहे, त्या आदिवासी बापाला 'तुम्ही आपले तारप्यावरच नाचा' असे सांगण्याचा अधिकार शहरातल्या संस्कृतिरक्षकांना कोणी दिला?

पण यंत्रात गेलेल्या सुराचे काय होते, तेही माहीत असले पाहिजे. प्रत्येक दुधी वेगळा आणि प्रत्येक नळी वेगळी, त्यामुळे प्रत्येक तारप्याची पट्टी वेगळी असते. ती पेटीच्या बारा सुरांत चपखल बसत नाही. वाजवणाऱ्याचा दम आणि नाचणाऱ्यांचा जोर यांप्रमाणे लय थोडी पुढे-मागे होते. कॉम्प्युटरवर गाणे जुळवणाऱ्याला हे अडचणीचे वाटते. त्याच्या पडद्यावर मिनिटाला इतके ठोके अशी चौकट आखलेली असते. मग तो सूर 'दुरुस्त' करतो, लय चौकटीत कोंबतो, चार सेकंदांचा तुकडा कापतो आणि तोच शंभर वेळा चिकटवतो. नाचणाऱ्याच्या पायाला पुढची खूण देणारी धून नुसता रंग भरण्याच्या कामाला लागते. सूर 'चुकलेला' आहे हे कोणी ठरवले? पेटीची पट्टी प्रमाण आणि तारप्याची पट्टी चूक, ही उच्चनीचता सुरांमध्येही आहे. आपल्याला ती ओळखीची वाटावी.

आफुनाक्वा, दिफांग आणि व्हेरा हॉल

हे सारे आपल्याकडे नव्याने घडते आहे असे नाही. जगात हा खेळ तीस-पस्तीस वर्षांपूर्वी झाला आणि त्याचे निकालही लागले आहेत. ते आपल्या पोरांना माहीत असावेत.

पॅसिफिक महासागरात सॉलोमन बेटे आहेत. तिथल्या मलैता बेटावर बैगू जमातीच्या आफुनाक्वा नावाच्या बाईने १९७० च्या सुमारास एक अंगाईगीत गायले. आईबापाविना रडणाऱ्या लहान भावाची समजूत काढणारे ते गाणे. ह्यूगो झेंप या संशोधकाने ते ध्वनिमुद्रित केले आणि युनेस्कोच्या मालिकेत ते तबकडीवर आले. १९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' नावाच्या फ्रेंच जोडीने तो आवाज उचलला, त्याखाली इलेक्ट्रॉनिक ठेका घातला आणि 'स्वीट ललबाय' या नावाने बाजारात आणला. अल्बम लाखोंनी खपला. गाणे जाहिरातींत वाजले. अल्बमचा सगळा थाट मात्र आफ्रिकेच्या जंगलातल्या पिग्मी लोकांचा होता. बाई पॅसिफिकची, जाहिरात आफ्रिकेची! आफुनाक्वाचे नाव त्यावर कुठेच नव्हते. आपण अशी परवानगी दिलीच नव्हती, असे झेंप यांनी नंतर जाहीरपणे लिहिले. तोवर पैसा आणि कीर्ती योग्य त्या खिशांत गेली होती.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातली व्हेरा हॉल ही काळी बाई. गोऱ्यांच्या घरी धुणे-स्वयंपाक करून पोट भरायची. तिचा आवाज लोमॅक्स या संग्राहकांनी टिपून ठेवला. ती १९६४ मध्ये वारली. १९९९ मध्ये मोबी या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने 'प्ले' नावाचा अल्बम काढला, त्यातल्या 'नॅचरल ब्लूज' या गाण्याचा प्राण म्हणजे व्हेरा हॉलचा आवाज. या अल्बमच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि त्यातली गाणी जाहिराती व चित्रपटांना विकली गेली. व्हेराचे नाव बारीक अक्षरांत आहे. मुखपृष्ठावर मोबी आहे. अल्बम 'सोलो' आहे!

तिसरी गोष्ट थोडी वेगळी आहे आणि म्हणून महत्त्वाची आहे. तैवानमध्ये अमीस ही आदिवासी जमात आहे. त्या जमातीतले दिफांग हे शेतकरी आणि गायक. १९८८ मध्ये ते पत्नीसह युरोपात गायला गेले, तिथे त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. तोच आवाज 'एनिग्मा' या नावाने चालणाऱ्या जर्मन संगीतप्रकल्पाने 'रिटर्न टू इनोसन्स' या गाण्यात वापरला. हे गाणे जगभर गाजले आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही वाजले. हा आपलाच आवाज आहे हे दिफांग यांनी ओळखले आणि १९९८ मध्ये पती-पत्नी दोघांनी मिळून दावा ठोकला. १९९९ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. त्यांना मोबदला आणि श्रेय द्यावे लागले. ऐंशीच्या घरात आलेला शेतकरी बड्या कंपन्यांना कोर्टात खेचतो, हे एक. पण याहून मोठी गोष्ट अशी की, १९९८ मध्येच दिफांग यांनी 'सर्कल ऑफ लाइफ' हा स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. त्यातही अमीसांच्या गाण्यांना इलेक्ट्रॉनिक साज होता. फरक एवढाच की, या वेळी मुखपृष्ठावर दिफांग होते आणि यंत्र त्यांच्या मागे उभे होते.

आमचा मुद्दा या एका फरकात आला. लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांची सोयरीक होणारच आहे. मुखपृष्ठावर कोण आणि पाठीमागे कोण, एवढेच ठरवायचे आहे.

कायदा कोणाच्या बाजूने?

कोणी म्हणेल, चोरी झाली तर कायदा आहे. कायदा आहे, पण तो नीट वाचला पाहिजे. १९५७ चा कॉपीराइट कायदा कर्त्याला हक्क देतो. लोकगीताला एक कर्ता नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी रचलेले आहे. म्हणून कायद्याच्या नजरेत ते कोणाचेच नाही. जे कोणाचेच नाही ते सगळ्यांचे आणि जे सगळ्यांचे ते ज्याच्याकडे साधन त्याचे! कारण त्याच कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला मात्र मालक आहे. ज्याने ते तयार करवून घेतले तो निर्माता, आणि त्याची मालकी साठ वर्षे चालते. म्हणजे हजार वर्षे ज्यांनी धून जिवंत ठेवली त्यांना शून्य आणि ज्याने दहा मिनिटे मशीन चालू ठेवली त्याला साठ वर्षे. जंगल आदिवासींचे आणि सातबारा सावकाराचा, हा डहाणूचा जुना अनुभव आहे. इथे जंगलाच्या जागी सूर आला आहे.

तरी एक खिडकी उघडी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताला स्वतःचा हक्क मिळाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो बळकट झाला. धून कोणाचीही असो, ती वाजवणाऱ्याचे वाजवणे त्याचे आहे. त्याच्या संमतीशिवाय ते ध्वनिमुद्रित करता येत नाही, आपले नाव सांगितले जावे असा आग्रह तो धरू शकतो आणि त्याचा हा आर्थिक हक्क पन्नास वर्षे टिकतो. पण ही खिडकी बंद करायला एक कागद पुरतो. 'माझे सर्व हक्क मी देत आहे' असे इंग्रजीत लिहिलेला कागद पुढे येतो आणि त्यावर सही होते. डहाणू-तलासरीला अशा कागदांचा इतिहास सांगायला नको. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे जन्मभर राबायचे, ही लग्नगड्याची पद्धत याच पट्ट्यात होती आणि तिच्याही मुळाशी न वाचता येणाऱ्या कागदावरचा अंगठाच होता. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि त्यांनी वेठबिगार करणार नाही असे ठरवले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकीकत आहे. त्या लढ्यात उतरलेले शामराव परुळेकर हे १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून गेले होते आणि १९३८ मध्ये खोतीविरुद्धच्या शेतकरी मोर्चात बाबासाहेबांबरोबर होते. पुढे ते कम्युनिस्ट झाले. झेंड्याचा रंग बदलला, पण कोकणातल्या खोताविरुद्धचा प्रश्न आणि तलासरीतल्या सावकाराविरुद्धचा प्रश्न एकच होता. राबणारा कोण आणि मालक कोण?

आपल्या चळवळीचा अनुभव काय सांगतो?

आंबेडकरी चळवळीला गाण्याच्या मालकीचा हा प्रश्न नवा नाही. आपल्या जलशांनी आणि शाहिरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफायचे. वामनदादा कर्डकांची गाणी महाराष्ट्रभर हजारो गळ्यांतून गेली, कागदावर नंतर आली. तरी गाणे कोणाचे हे कधी विचारावे लागले नाही, कारण नाव गाण्यातच शिवलेले होते. कंपनी नाव छापो वा न छापो, गाणाऱ्याला ते घ्यावेच लागे. ज्यांना मालमत्तेचा कुठलाच कागद मिळत नव्हता, त्यांनी गाण्यालाच कागद केले.

मग कॅसेट आली. तिने भीमगीते घराघरांत नेली, दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या पदपथावरून ती खेड्यापाड्यांत पोहोचवली. ज्या आकाशवाणीने आपल्याला क्वचितच जागा दिली, तिच्याविना आपण आपले संगीत उभे केले. हा यंत्राचा उपकार आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण याच काळात कितीतरी कवींनी एकरकमी पैशांवर गाणी लिहून दिली, कॅसेटवर गायकाचे आणि कंपनीचे नाव ठळक आले आणि लिहिणाऱ्याच्या घरची चूल तशीच राहिली. आज तीच गाणी डीजे-मिक्स होऊन १४ एप्रिलच्या मिरवणुकीत वाजतात. पोरे बेभान नाचतात. पण कवीचे नाव ज्या कडव्यात आहे ते शेवटचे कडवे मिक्समध्ये बहुतेक कापलेले असते! ठेक्याला सोयीचे दोन शब्द तेवढे उरतात. आपल्या घरात जे घडले ते तारप्याच्या घरात घडताना आपल्याला दिसले नाही, तर आपण आपल्याच इतिहासापासून काही शिकलो नाही असे होईल.

जिथे नाव आले, तिथे काय झाले?

चांगली उदाहरणेही आहेत. 'स्वदेशी' हा मुंबईतला बहुभाषी रॅप गट. २०१९ मध्ये या गटाने 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे काढले. आरे कॉलनीतल्या केलटीपाड्याचे वारली कार्यकर्ते-कलावंत प्रकाश भोईर त्यात गातात. शामरावांनी १९४७ मध्ये वारल्यांच्या उठावावर 'रिव्होल्ट ऑफ द वारलीज' ही इंग्रजी पुस्तिका लिहिली होती, त्या नावाची आठवण हे गाणे करून देते. खाली इलेक्ट्रॉनिक ठेका आहे, वर रॅप आहे, आणि वारली आवाज सजावटीला ठेवलेला नाही, तो गाण्याचा कणा आहे. भोईरांचे नाव गाण्याच्या नावाबरोबरच येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका रात्रीपासून मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. त्या आंदोलनात भोईर कुटुंब उभे होते. म्हणजे ज्याचा प्रश्न, त्याचाच आवाज आणि त्याचेच नाव. या मिलाफाला आपण सलाम केला पाहिजे. पण हेही लक्षात ठेवू की तिथेही वारली गायक 'सोबत' या सदरात आहे. पुढची पायरी त्याच्या स्वतःच्या नावाची आहे.

ती पायरी तमिळनाडूतल्या अरिवूने चढली. हा आंबेडकरी विचाराचा तरुण कवी-गायक. २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' या गाण्याने त्याचे शब्द जगभर गेले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आजीच्या आठवणी, मातीवर आणि मरणावर गायचे लोकसूर, आणि त्याला आधुनिक ठेका. त्याच वर्षी एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका झळकली आणि अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी उघडपणे जाब विचारला. श्रेय कोणाचे यावरून वाद झाला, आणि २०२४ मध्ये तर त्या गाण्यातून आपल्यापैकी कोणालाच पैसा मिळाला नाही असे संगीतकाराने जाहीर केले. कोट्यवधी लोकांनी ऐकलेले गाणे, आणि निर्मात्यांची ओंजळ रिकामी! त्याच २०२४ मध्ये अरिवूने स्वतःचा सोलो अल्बम आणला, 'वल्लियम्मा पेरांडी'. म्हणजे वल्लियम्माचा नातू. सोलो अल्बमलाही त्याने आजीचे नाव दिले.

कॅनडात 'ए ट्राइब कॉल्ड रेड' या मूलनिवासी तरुणांच्या गटाने हेच गटाने केले. त्यांनी आपल्या पॉवॉव मेळ्यांतली ढोलगाणी स्वतः इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर चढवली आणि २०१४ मध्ये तिथला मानाचा जूनो पुरस्कार मिळवला. आपल्या कार्यक्रमाला मूलनिवासींच्या पिसांच्या टोपाचे सोंग घालून येऊ नका, असे गोऱ्या श्रोत्यांना बजावण्याचे धाडसही त्यांनी दाखवले. मशीन स्वतःच्या हातात असले की असे बजावता येते.

आणि डहाणूतच पाहा. वारली चित्र हे मुळात लग्नघरातल्या सुवासिनींचे काम. तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढायचा, त्यावर सही नाही. १९७० च्या दशकात ते कागदावर आले आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे नाव जगाला कळले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. डहाणूचा पहिला जागतिक 'सोलो' कलावंत म्हणायचे तर तेच. एका माणसाला नाव मिळाले म्हणून शेकडो घरांत ब्रश गेला, हे खरे. भिंती रंगवणाऱ्या त्या बायांची नावे मागे राहिली, हेही खरे. पुढे चहाच्या कपापासून साडीपर्यंत सगळीकडे वारली आकृत्या आल्या आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तोही डहाणूतल्या आदिवासी तरुणांच्या संघटनेच्या प्रयत्नातून. चित्र वाचवायला चाळीस वर्षे उशीर झाला. सुरांच्या बाबतीत तेवढा वेळ हातात नाही. शेजारच्या जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना नव्वदीच्या उंबरठ्यावर, २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आनंदच आहे. पण सन्मान म्हातारपणी आणि मालकी कधीच नाही, असे चालणार नाही.

मग करायचे काय?

दोन आक्षेप आधी निकालात काढू. पहिला असा की, 'लोकसंगीत सर्वांचे असते, त्यावर मालकी कसली सांगता?' गंमत म्हणजे हे सांगणारेच आपल्या अल्बमच्या शेवटी 'सर्व हक्क राखीव' असे छापतात! दुसरा आक्षेप, 'आम्ही घेतले नाही तर तारपा मरेल.' तारपा स्टुडिओत जगत नाही. शेत राहिले, जंगल राहिले, नाचायला अंगण आणि रात्र राहिली तर तो जगेल. ज्या पट्ट्यातून बुलेट ट्रेन जाते आहे आणि जिथे वाढवण बंदर येते आहे, तिथे तारप्याचे मरण डीजेमुळे ओढवेल असे म्हणणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरे.

आता उपाय. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. या अधिकाराचा उपयोग आपण जमीन, गौण खनिज, दारू यांपुरता मर्यादित ठेवला. तो सुरांनाही लावता येईल. ग्रामसभेने साधा ठराव करावा. गावात ध्वनिमुद्रण करायला येणाऱ्याने आधी ग्रामसभेला कळवावे. करार मराठीत असावा, तो वाचून दाखवावा, आणि मगच सही घ्यावी. वाजवणाऱ्याचे नाव, पाडा आणि जमात अल्बमवर ठळक असावी. 'पारंपरिक' एवढ्यावर भागणार नाही. एकरकमी रकमेऐवजी वाटा ठरवावा, विशेषतः जाहिरात आणि चित्रपटाला गाणे विकले गेले तर, कारण खरा पैसा तिथे आहे. इंटरनेटवर एकदा ऐकले तर पैशाचाही तुकडाच मिळतो. मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत गावात राहावी. आणि काय द्यायचे नाही हेही गावानेच ठरवावे. धवलेरी लग्नात जे गाते किंवा भगत रात्री देवाला बोलावताना घांगळीवर जे गातो, ते नाचघरातल्या झगमगाटात वाजावे की नाही, याचा निर्णय मुंबईच्या स्टुडिओत होता कामा नये. नाही म्हणण्याचा हक्क हासुद्धा मालकीचाच भाग आहे.

पण सर्वांत मोठा उपाय मशीन हातात घेण्याचा आहे. आज गाणे रेकॉर्ड करून जुळवायला लाखांचा स्टुडिओ लागत नाही. एक बरा मायक्रोफोन, एक साधा लॅपटॉप आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरते. डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांत आणि महाविद्यालयांत संगणक आहेत, त्यांवर पोरांना टंकलेखन शिकवले जाते. तिथेच ध्वनी टिपणे, कापणे, जोडणे, नोंदणी करणे का शिकवू नये? ज्या मुलाच्या आजोबाचा तारपा खुंटीला टांगला आहे, त्यानेच तो काढावा, आजोबाला वाजवायला सांगावे, पट्टी 'दुरुस्त' न करता तशीच ठेवावी आणि त्याखाली आपल्या काळाचा ठेका घालावा. त्या पट्टीला पेटीच्या चौकटीत बसवायचे की चौकटच तारप्याच्या मापाने आखायची, हे ठरवणारा कान त्याच्याकडे आहे.

या कामात आपल्या चळवळीलाही वाटा उचलता येईल. आपल्याकडे गाण्यांचे व्यासपीठ आहे, रसिक आहेत, ध्वनिमुद्रण करणारी पोरे आहेत आणि फसवल्या गेलेल्या कवींचा अनुभव आहे. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला शुभेच्छांचे फलक लावण्यापेक्षा एखाद्या तलासरीच्या पोराला १४ एप्रिलच्या मंचावर त्याच्या तारप्यासह आणि लॅपटॉपसह उभे करा, योग्य मानधन द्या, त्याचे नाव मोठ्याने पुकारा. मात्र आपण त्याचे पालक होऊन बोलू नये. त्याला आपला आवाज उसना नको आहे, त्याचा स्वतःचा आवाज आहे. आणि आपल्या मिरवणुकीत डीजे लावणाऱ्या पोरांनाही सांगू या की, गाण्याचे शेवटचे कडवे कापू नका. त्यात माणूस आहे.

उद्या डहाणू-तलासरीतून असा सोलो अल्बम येईल, यात आम्हाला शंका नाही. त्यात सिंथेसायझर असेल, बेस असेल, शहरातली पोरे त्यावर नाचतील. त्याच्या मुखपृष्ठावर वाजवणाऱ्याचे नाव पाड्यासकट असले पाहिजे आणि त्या नावाखालचा करार त्याने स्वतः वाचून सही केलेला असला पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला कागद वाचायला शिकवले ते एवढ्यासाठीच. आता तो कागद तारपावादकाच्या अंगणात, ग्रामसभेसमोर, मोठ्याने वाचला जावा. मग खुशाल मशीन सुरू करा!